पालकांची पत्रं: पाळीच्या गोळ्या, मुलाची चादर आणि 'वय आहे, जाईल'

मुलगी तेरा वर्षांची, पाळी सुरू होऊन वर्ष होत आलं. कधी दीड महिन्याने येते, कधी बावीस दिवसांत. शेजारच्या म्हणतात, पीसीओडी असेल, सोनोग्राफी करून घ्या. त्यात गौरी-गणपती आलेत, सासूबाई मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायला सांगताहेत. देऊ का? – एक आई, सांगली

सोनोग्राफी आत्ता नको. पीसीओडी, किंवा डॉक्टर म्हणतात तो पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाने पाळी अनियमित होणं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोनेक वर्षं दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर कधी उशिरा, कधी तुकड्या-तुकड्याने पडतं. म्हणून या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर आम्ही ठीक धरतो. सोनोग्राफीत बीजकोषावर बारीक बारीक पुटकुळ्या दिसतील, पण त्या या वयाच्या निरोगी मुलींतही दिसतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं आता मार्गदर्शक तत्त्वंच सांगतात. नाहीतर रिपोर्टवरचा एक शब्द घेऊन मुलगी दहावीपर्यंत डाएट करत राहते.

डॉक्टरांकडे जायचं ते वेगळ्या कारणांसाठी. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागला, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडल्या किंवा ९० दिवस पाळीच आली नाही, तर थांबू नका. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर रक्त गोठण्याच्या तपासण्याही करून घ्या. तो दोष बऱ्याचदा पहिल्यांदा पाळीतच लक्षात येतो. पोट दुखत असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी दुखू लागल्या लागल्या, खाऊन घ्यायची. कळा आणणारं प्रोस्टाग्लँडिन सुरुवातीलाच तयार होतं. मुलगी दुपारपर्यंत कळ काढते आणि मग गोळी घेते, म्हणून ती 'लागू पडत नाही'.

आता पुढे ढकलायच्या गोळ्या. यात नोरेथिस्टेरॉन हे हार्मोन असतं. ते अस्तर धरून ठेवतं, आणि गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात. तुमच्या मुलीची तारीखच ठरलेली नाही, मग सुरू कधी करणार? मळमळ, डोकेदुखी, मधेच डाग पडणं हे वेगळंच. घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल, तर डॉक्टरांना न विचारता मुळीच नको. एखाद्या वेळी डॉक्टरांच्या चिठ्ठीने घेतल्याने आभाळ कोसळत नाही, पण प्रत्येक सणाला पाकीट आणायची सवय वाईट. तेरा वर्षांच्या पोरीच्या पाळीची गौरींना अडचण होत असेल, असं आम्हाला तरी वाटत नाही. सासूबाईंना ते कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तुम्ही बघा.

मुलगा १४ वर्षांचा. चादरीवर डाग असतात, अंगाने वाळलाय, सारखा दमतो. 'स्वप्नदोष' बरा करणाऱ्या वैद्यांची जाहिरात पाहिली. पावडर सुरू करावी का? – एक वडील, नाशिक

नको. वृषणांत शुक्राणू सतत तयार होत राहतात आणि अधूनमधून झोपेत वीर्य बाहेर पडतं. एका वेळी फार तर चमचाभर, त्यातही बहुतेक द्रव इतर ग्रंथींचा, शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हा हिशेब कुठल्याच प्रयोगशाळेतला नाही. हस्तमैथुनानेही अशक्तपणा येत नाही. मुलगा वाळलेला दिसतो, कारण या वर्षांत मुलं वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत उंच होतात आणि वजन मागे राहतं. दमण्यासाठी हिमोग्लोबिन बघा, रात्री मोबाइल किती वाजता खाली ठेवतो ते बघा. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य' या त्यांच्या मासिकातल्या अशाच प्रश्नोत्तरांसाठी खटला झाला होता, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. प्रश्न अजून तेच येतात.

चादरीबद्दल एवढंच बोला: "हे सगळ्यांना होतं, मलाही व्हायचं. चादर बदलून बादलीत टाकत जा." आणि आईने ती उघडून बघत बसू नये.

याच संकोचातून एक गोष्ट मात्र महागात पडते. वृषण स्वतःभोवती फिरून रक्तवाहिनीला पीळ बसू शकतो, आणि या वयात ते जास्त होतं. एका बाजूला अचानक जोरात दुखतं, उलटी होते, कधी रात्री झोपेतून उठवतं. मुलगा लाजेने 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतो, घरचे ओवा देतात आणि सकाळ उजाडते. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचतं, त्यानंतर दर तासाला शक्यता घटते. त्यामुळे पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला 'खाली दुखतंय का?' हे विचाराच. हो म्हणाला, तर खायला-प्यायला काही न देता थेट सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा. वेदना आपोआप थांबली तरी त्याच दिवशी दाखवा, पीळ पुन्हा बसू शकतो. हे मुलाला आज, काही दुखत नसताना सांगून ठेवा.

१६ वर्षांचा मुलगा म्हणाला, मला मुली नाही, मुलं आवडतात. मी म्हणाले, "वय आहे, जाईल." तेव्हापासून तो बोलत नाही. त्याला मुलगी व्हायचंय का? यांना अजून सांगितलेलं नाही. ओळखीचे एक डॉक्टर 'दुरुस्त करतात' म्हणे. – एक आई, ठाणे

कोण आवडतं ही एक गोष्ट, आपण स्वतःला मुलगा मानतो की मुलगी ही दुसरी. त्याने पहिली सांगितली, दुसरी तुम्ही जोडू नका. पुढे कधी तो दुसरीबद्दल बोललाच, तर कपडे, केस, हाक मारायचं नाव यात घाई न करता त्याचं ऐका. मात्र ऑनलाइन हार्मोन्स मागवू देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) दोघांनाही भेटा.

आज रात्री त्याच्याकडे जा. "त्या दिवशी मी घाईने बोलले. तू सांगितलेलं मी ऐकलंय. बाबांना कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते तू ठरव." एवढं पुरे, लगेच उत्तराची अपेक्षा नको. त्याच्या परवानगीशिवाय मावशी, शिक्षक, कुणालाही सांगू नका. बातमी घरात फिरली, तर तो पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

'दुरुस्ती' अशी काही नसते. समलैंगिकता आजार नाही, हे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. अशी 'कन्व्हर्जन थेरपी' करणं हे नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. बदलून दाखवतो, हार्मोन तपासा, लग्न लावा असं म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या खोलीतून उठून या. नीट डॉक्टर झोप, शाळेतली चिडवाचिडवी, मुलगा स्वतःला इजा करतो का, हे विचारतात. तुम्हीही विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो. समलैंगिकांसाठी काम करणाऱ्या संस्था, मुंबईतला हमसफर ट्रस्ट, पुण्यातला समपथिक ट्रस्ट, यांच्याकडे समुपदेशनाची चौकशी करा. 'स्वीकार' हा अशा मुलांच्या पालकांचाच गट आहे.

कायद्याचं एक. २०१८ पासून प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. पण १८ वर्षांखालच्यांशी संबंध पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हाच, मग मुलगा असो की मुलगी, आणि संमती असली तरी. अ‍ॅपवर भेटलेल्या मोठ्या माणसांबद्दल त्याच्याशी बोलताना हे सांगा.

एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची) लस दहावीची परीक्षा झाल्यावर घेतली तर चालेल का? मुलगी १४ वर्षं ८ महिन्यांची आहे. – इंदूर

आधीच घ्या. पहिला डोस पंधराव्या वाढदिवसाआधी झाला तर दोनच डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू केली, तर तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. पुण्यात तयार होणारी सर्वाव्हॅक विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. सुईनंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवा, या वयात मुलींना चक्कर येते. आणि लस घेतली तरी पुढे तिशीपासून गर्भाशयमुखाची तपासणी करावीच लागते.