वाचकांचे प्रश्न : समोर न येणारा मृत्यू

प्रश्न : ‘फायनल डेस्टिनेशन’ हा २००० सालचा भयपट नुकताच पाहिला. मृत्यूला हुलकावणी देऊ पाहणाऱ्या मुलांची गोष्ट असूनही त्यात मृत्यू कोठेच दिसत नाही. सावित्रीच्या कथेत यम समोर येतो, बोलतो, वरही देतो. खलनायकच नसलेला भयपट अपुरा वाटत नाही का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आम्हांला तर त्याचे बळ नेमके तेथेच दिसते. यम समोर येतो म्हणूनच सावित्रीला त्याला शब्दांत पकडून पतीचे प्राण सोडवून आणता येतात. जेम्स वाँग यांच्या चित्रपटातील मुलांना ती सोय नाही. शाळेच्या सहलीबरोबर न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेल्या अ‍ॅलेक्सला उड्डाणापूर्वीच विमानाच्या स्फोटाचे दृश्य दिसते, त्याच्या आरडाओरड्यातून उडालेल्या गोंधळात त्याच्यासह सात जण विमानाबाहेर राहतात, आणि थोड्याच वेळात ते विमान खरोखरच आकाशात फुटते. पुढे वाचलेली माणसे विमानात ज्या क्रमाने मेली असती त्याच क्रमाने मरू लागतात. विनवणी करावी तर कोणाची? टोनी टॉड यांनी रंगवलेला शवागारातला माणूस नियम तेवढे सांगतो. ते बदलणे त्याच्या हाती नाही.

त्यामुळे भीती घरातल्या वस्तूंमध्ये उतरते. शिक्षिका लूटन यांचा प्रसंग आठवावा : गरम चहा ओतून देऊन त्याच कपात त्या बर्फ आणि व्होडका घेतात, कप तडकतो, गळणारे थेंब संगणकात झिरपतात आणि तेथून स्फोट, आग, सुरी अशी साखळी सुरू होते. यातली कोणतीही एक घटना सुटी घेतली तर अशक्य नाही. मात्र वाचलेल्यांपैकी टॉड या विद्यार्थ्याच्या न्हाणीघरातील मृत्यूनंतर जमिनीवरचे पाणी आपोआप मागे सरकते, ते आम्हांला खटकले. ज्याला कोणाला जाब द्यायचा नाही, त्या मृत्यूने पुरावा लपवण्याची खटपट का करावी?

प्रश्न : ही कथा सत्य घटनेवर आधारलेली आहे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. आईने सावध केल्यामुळे विमान बदललेल्या आणि त्यामुळे अपघातातून वाचलेल्या एका स्त्रीची बातमी वाचून कथालेखक जेफ्री रेडिक यांना कल्पना सुचली. ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेचा एक भाग म्हणून त्यांनी ती प्रथम लिहिली होती. न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे विमान १७ जुलै १९९६ रोजी उड्डाणानंतर काही मिनिटांत फुटून २३० जण मरण पावले, आणि त्यांत पेनसिल्व्हेनियातील एका शाळेच्या फ्रेंच मंडळाचे विद्यार्थीही होते, त्यामुळे साम्य जाणवणे साहजिकच आहे.

प्रश्न : चित्रपटाचा शेवट आधी निराळा होता असे ऐकले, ते खरे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरे आहे. मूळ शेवटात विजेच्या तारांपासून, वाचलेल्यांपैकीच एक असलेल्या क्लिअर या मुलीला वाचवताना अ‍ॅलेक्स मरतो आणि पुढे ती त्याच्या बाळाला जन्म देते. चाचणी खेळांतील प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून मृत्यूचा क्रम अजून संपलेला नाही असे दाखवणारा पॅरिसमधील शेवट नव्याने चित्रित करण्यात आला. प्रेक्षकांचे म्हणणे रास्त होते, असे आमचे मत आहे. तास-दीड तास हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या कथेने अखेरीस बाळाच्या जन्माची सवलत घेतली असती, तर आधीच्या प्रत्येक मृत्यूची धार बोथट झाली असती. नव्या जिवाने क्रम मोडतो ही कल्पना २००३ सालच्या दुसऱ्या भागात परतली. पण तेथे सगळे ज्या गर्भवतीच्या मागे धावतात तिचे नाव मुळात मृत्यूच्या यादीतच नसते, हा डाव आम्हांला मूळ शेवटापेक्षा कितीतरी चतुर वाटला.