दुसरं पान कुठे गेलं?

अनेक आशीर्वाद.

गणिताच्या शिक्षणावरचा तुझा मसुदा वाचला. पहिल्या पानावर पिसा (देशोदेशीच्या शाळकरी मुलांची तुलना करणारी आंतरराष्ट्रीय चाचणी) २०२२ ची गणितातली उतरंड आहे: सिंगापूर ५७५, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी ४७२. लगेच पुढच्या पानावर शिफारस, ‘सिंगापूरच्या धर्तीवर पाठ्यपुस्तकं बदलावीत’. या दोन्हींच्या मधलं पान कुठे गेलं?

फिनलंडचं बघ. २००३ च्या पिसात त्यांना ५४४ गुण मिळाले आणि देशोदेशीची शिष्टमंडळं हेलसिंकीच्या वाऱ्या करू लागली. २००५ मध्ये तिथल्याच दोनशेहून अधिक गणित-प्राध्यापकांनी जाहीर पत्रक काढलं, की मुलांना साधे अपूर्णांक आणि बीजगणित धड येत नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पिसा पंधरा वर्षांच्या मुलांना व्यवहारात वापरायचं गणित विचारते, प्राध्यापकांना पुढच्या शिक्षणाचा पाया हवा होता. २०२२ मध्ये फिनलंड ४८४ वर आलं. शिष्टमंडळं तोवर सिंगापूरला पोचली होती.

मला स्वतःला गुणतक्त्यांपेक्षा टिम्स या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान पाहणीचा १९९९ चा व्हिडिओ अभ्यास जास्त शिकवून गेला. सात देशांतल्या आठवीच्या वर्गांत कॅमेरे लावले (जपानचं चित्रण १९९५ चंच वापरलं). संकल्पनांचे धागे जोडायला लावणारी उदाहरणं अमेरिकेत १७ टक्के होती, हाँगकाँगमध्ये १३. म्हणजे अमेरिकेत थोडी जास्तच! पण फळ्यावर काय झालं? हाँगकाँगमध्ये त्यातली जवळपास निम्मी तशीच, विचार करायला लावत सोडवली गेली. अमेरिकेत जवळजवळ एकही नाही. शिक्षकांनी रीत सांगितली, किंवा थेट उत्तरच दिलं. उदाहरण चांगलं होतं, तासात त्याची माती झाली. आता सांग, नुसतं पुस्तक बदलून काय बदलेल?

आपलीही गोष्ट मसुद्यात हवी, तू ती गाळली आहेस. पिसाच्या २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. गणितात ३५१ आणि ३३८ गुण, यादीत जवळजवळ तळाला. प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीला धरून नाहीत, असं म्हणून आपण २०१२ च्या फेरीत उतरलोच नाही. आक्षेपात तथ्य असेलही. पण तापमापक फेकून ताप उतरत नाही, असं माझे एक सहकारी तेव्हा चहा पिताना चिडून म्हणाले होते.

शिफारस तूर्त खोड. जवळच्या शाळेत आठवीचे चार तास मागच्या बाकावर बसून बघ, आणि प्रत्येक उदाहरणापुढे एवढंच लिही: विचार कुणी केला, मुलांनी की बाईंनी? ती वही घेऊन ये, मग दुसरं पान लिहू.