डिकीतल्या जुन्या स्टेपनीचं काय करायचं?

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी १९८६ ची आहे. स्टेपनी पहिल्यापासूनची, जेमतेम चार-पाच वेळा लागली असेल. नक्षी नव्यासारखी आहे. कसारा घाट उतरून मुंबईला जायचंय, ती भरवशाची आहे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही. नक्षी पळून झिजते. रबर मात्र नुसतं पडूनही म्हातारं होतं, उलट पडून राहिलेलं लवकर. हवेतल्या ओझोनपासून वाचवण्यासाठी टायरच्या रबरात मेण घातलेलं असतं. टायर रस्त्यावर दबत-सुटत राहिला की ते पृष्ठभागावर येतं. स्टेपनी जागची हलतच नाही, त्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीची भट्टी होते.

टायर बाहेर काढा, उजेडात धरा आणि साइडवॉल (टायरची उभी बाजू) अंगठ्याने जोरात दाबा. केसासारख्या भेगा उघडतील. रिमच्या कडेला आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशीही बघा. धागा दिसला तर पुढे तपासायची गरजच नाही. साइडवॉलवर डीओटी क्रमांक (टायर कधी बनला ते सांगणारा शिक्का) असेल तर शेवटचे चार आकडे वाचा : २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० पूर्वीचा. दहा वर्षांवरचा टायर कितीही देखणा असला तरी घाटात नेऊ नका. मूळ टायर प्रदर्शनासाठी जपा, प्रवासाला त्याच मापाचा (५.२०-१४) ताजा टायर न्या. आणि टायर चमकवायचं तेलकट पॉलिश जुन्या रबराला लावू नका, उरलंसुरलं मेणही त्याने निघून जातं.

प्रश्न : स्टेपनीतली हवा महिन्या-दोन महिन्यांत बरीच उतरते. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, बुडबुडा नाही.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : महिन्याला एखाद-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा धडधाकट ट्यूबमधूनही जाते. त्याहून जास्त जात असेल तर आधी वॉल्व्हची पिन बघा. वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा (दुकानात थुंकीचं बोट लावतात, तपासणी तीच). फुगा आला तर पिन बदला. धातूची टोपीही घट्ट बसवा, धूळ पिनेपर्यंत जात नाही.

पिन ठीक असेल तर ट्यूब पुन्हा तपासायला लावा, पण या वेळी चांगली फुगवून आणि वॉल्व्हचा बुंधा वाकवून. तिथली चीर सैल ट्यूबमध्ये मिटलेली राहते. टायर उघडलाच आहे तर रिमही आतून बघा. पावसाळ्यात शिरलेल्या ओलाव्याने गंजाचे पापुद्रे सुटतात आणि ट्यूब कुरतडतात. तारेच्या ब्रशने पत्रा उघडा पडेपर्यंत घासा, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल अस्तर-रंग) मारा, वर रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाईत बसवलेला टायर ओल्या रंगाला चिकटतो.

बसवताना टायरमध्ये हात फिरवून खडे आणि जुने कागदी स्टिकर काढा. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, किंचित हवा भरून गोल करा, मगच आत सारा. हवा पूर्ण भरा, पिन काढून सगळी सोडा, पुन्हा भरा. हे दुसऱ्यांदा भरणं बहुतेक दुकानांत टाळलं जातं. तेवढ्यासाठी उभे राहा. पहिल्या भरण्यात पडलेली चुणी तशीच राहिली तर ट्यूब नेमकी त्या घडीवर फाटते. वॉल्व्ह तिरका दिसला तर ट्यूब सरकली आहे, परत उघडायला सांगा.

स्टेपनीत नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय जास्त ठेवा, पण साइडवॉलवरच्या कमाल आकड्याच्या आत. रस्त्यात हवा कमी करता येते, भरता येत नाही.

प्रश्न : चारही टायर रेडियल केले, स्टेपनी जुनी नायलॉनचीच आहे. चालेल?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, तेही मागच्या चाकाला. पुढचं चाक बसलं तर मागचं रेडियल पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. एका आक्सावर (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर) रेडियल आणि नायलॉन अशा दोन जातींचे, म्हणजे आतल्या धाग्यांची मांडणी वेगळी असलेले टायर असले की वळणावर आणि ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते. ओल्या रस्त्यावर तर चाळीसच्या आतच चालवा.