मामा म्हणजे बाप?

प्रश्न : पुतणी एमबीबीएसला जॉर्जियात, तिबिलिसीला आहे. ती सांगते तिथं बापाला 'मामा' म्हणतात आणि आईला 'देदा'! घरात हसून हसून पुरेवाट झाली. फॅमिली ग्रुपवर एकजण म्हणतो मामा शब्द संस्कृतातनंच जगभर गेला. खरंय का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : पुतणी बरोबर सांगतीय, ग्रुपवाले फेकतायत. जॉर्जियन भाषेचा संस्कृतशी संबंध नाही, शेजारच्या रशियनशीपण नाही, तिचं कार्टवेलियन नावाचं छोटंसं वेगळंच कुटुंब आहे. आणि गंमत म्हणजे तिथली आई लेकरालाच लाडानं 'देदा' म्हणते, आपल्याकडं नाही का पोराला 'ये रे माझ्या बाबा' म्हणत, तसंच.

आता स्वाहिली बघा, पूर्व आफ्रिकेतली. तिथं बाबा म्हणजे वडीलच, पण दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! तिकडं जाऊन 'आमचे दादा' म्हणून मिशीवाल्या माणसाची ओळख करून दिली तर काय होईल बघा. रशियात बाबा म्हणजे बाई, तेपण जरा हिणवून. सांगलीत गल्लोगल्ली अण्णा असतात, तो शब्द कन्नडातला, थोरला भाऊ, आणि तुर्कीत 'आन्ने' म्हणजे आई.

आपला अण्णा सोडला तर हे कुणी कुणाकडनं उचललेलं नाही. रोमान याकबसन नावाच्या भाषातज्ज्ञानं याच्यावर लिहून ठेवलंय. बाळाला आधी जमतात ते म, प, ब असले ओठांचे आवाज आणि मोकळा आ, दूध पिताना तोंड बंद असतं तेव्हा नाकातनं नुसतं 'म्म्म' निघतं. बाळ काय कुणाला हाक मारत नसतं, पण घरची माणसं कान टवकारून बसलेली, 'बघ मला बोलावलं!' म्हणून जो तो तो आवाज आपल्या नावावर करून घेतो. बऱ्याच भाषांत 'म' आईकडं गेला, जॉर्जियात बापानं पळवला, आपल्याकडं आईच्या भावानं.

प्रश्न : आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, ते का? – एक वाचक, जत

उत्तर : तुमच्या शेजारच्या कन्नडात मामा आणि सासरा दोघांना एकच शब्द, 'माव'. मामाची पोरगी करायची पद्धत दोन्हीकडं, त्यामुळं मामा तोच सासरा. मराठीत मामंजी, आत्याबाई आले ते याच नात्यातनं.