पंप-नोझलवाल्याचा मुलगा आणि इंजिनातलं एम.टेक.

पत्र: "अक्कलकोट रोडला आमचं डिझेल पंप-नोझलचं (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागांचं) दुकान आहे. मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गेटची (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेची) तयारी करतोय. एम.टेक. करीन तर आयसी (इंटर्नल कम्बशन, म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या) इंजिनमध्येच, म्हणतो. नातेवाईक म्हणतात, इलेक्ट्रिकच्या जमान्यात दोन वर्षं पाण्यात जातील. काय करावं?"
– एक पालक, सोलापूर

नमस्कार,

इंजिन संपलं की नाही, हे नातेवाइकांपेक्षा तुमच्या दुकानातलं टेबल नीट सांगेल. जुना नोझल टेस्टरवर लावून हँडल मारलं की दोनशे बारच्या आसपास फवारा सुटतो. नव्या डिझेल गाड्यांच्या कॉमन रेल पद्धतीत तेच प्रेशर दीड-दोन हजार बारवर गेलं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हा धुराचा नवा नियम आला आणि सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टर, सेन्सर यांची रांग लागली. इंजिन गेलं नाही, पण नुसत्या पान्याला दाद देईनासं झालं. एम.टेक. झालेल्यांचं काम तिथेच आहे: कॅलिब्रेशन (इंजिनाची संगणकावरून जुळणी), धुराच्या चाचण्या, ज्वलनाचं सिम्युलेशन. जनरेटरनाही जुलै 2023 पासून धुराचे कडक नियम लागू झाले. आणि उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर उद्या बॅटरीवर जाईल, असं मला तरी वाटत नाही.

तरी नातेवाईक अगदीच चुकीचे नाहीत. आपल्याच सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या इमॉस या इलेक्ट्रिक ट्रक-बसवाल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. इलेक्ट्रिक बसला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, लागत नाही! ज्यांचं पोट इंजिनावर आहे तेच दुसरा पाय टेकवून ठेवतात, तर तुमच्या मुलाने का ठेवू नये?

म्हणून माझं मत असं: पदवी थर्मल किंवा ऑटोमोटिव्हची घ्यावी, प्रबंध इंजिनावर करावा. चेन्नईत अण्णा विद्यापीठाच्या गिंडी कॉलेजात खास इंटर्नल कम्बशनची एम.ई. आहे. तिथली प्रयोगशाळा मोहात पाडणारी आहे, हे कबूल. पण मुलाखतीला ऑटोमोटिव्ह हा शब्द जास्त दारं उघडतो. प्रबंधाला विषय म्हणाल तर घराजवळच आहे. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काय कमी आहेत? तिथे बनणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा, पण ऑक्टेन (दाबाखाली आपोआप न पेटण्याची ताकद) जास्त. म्हणजे कॉम्प्रेशन वाढवून थोडी भरपाई करता येते. ती किती, आणि थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते त्याचं काय, यावर दोन वर्षं सहज जातील. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनांचं कामही याच पठडीतलं.

पैशाच्या बाबतीत मी कडक आहे. गेटमधून सरकारी संस्थेत जागा मिळाली तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं, तेव्हा जरूर जाऊ द्या. नाही मिळाली तर कर्ज काढून कुठल्यातरी खासगी कॉलेजात हीच पदवी घेऊ नका. त्यापेक्षा पुण्यात इंजिन टेस्टिंगची नोकरी धरावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसावं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, घाई नाही.

आणखी एक. त्याला कंट्रोल्स (इंजिनाचं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण) आणि थोडं प्रोग्रॅमिंग आत्तापासूनच शिकायला सांगा. नोझल चांगला की गळका, हे तो लहानपणापासून तुमच्या शेजारी बसून नुसत्या आवाजावरून ओळखत असेल. वर्गातल्या बाकीच्यांकडे ते नसणार. त्यांच्याकडे कोडिंग असेल.

मार्चमध्ये निकाल लागला की स्कोअर आणि मिळू शकणाऱ्या जागांची यादी पाठवा. कुठेही पैसे भरण्याआधी.