दादा बोलणार नाही, मग स्पीच थेरपिस्ट काय करणार?

प्रश्न: मी चिपळूणजवळच्या गावात राहते. बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. माझा दादा 22 वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. त्याला सगळं समजतं, पण बोलता येत नाही. ‘हो’ म्हणायचं असेल तर डोळे वर करतो. लहानपणी दोन वर्षं स्पीच थेरपी केली, मग ‘आता बोलणं येणार नाही’ असं सांगून ती बंद झाली. मला बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा थेरपीची पदवी, करायचीय. आई म्हणते, फिजिओथेरपी कर, ती निदान लोकांना माहीत असते. मलाही कळत नाही, की ज्याला कधीच बोलता येणार नाही त्याच्यासाठी स्पीच थेरपिस्ट काय करणार? हे कॉलेजात शिकवतात का?

उत्तर: तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

दादाची थेरपी बंद झाली तिथे खरं तर दुसरं काम सुरू व्हायला हवं होतं. जीभ, ओठ, श्वास साथ देत नसतील, तर डोळ्यांनी, बोटाने, चित्रांनी, अक्षरांच्या तक्त्याने किंवा टॅबलेटमधल्या आवाजाने बोलायची वाट काढून देणं हा या व्यवसायाचाच भाग आहे. त्याला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. थेरपिस्टच्या तोंडी तुला ‘एएसी’ एवढंच ऐकू येईल. ही गरज फक्त सेरेब्रल पाल्सीत पडते असं नाही. ऑटिझम असलेली मुलं, पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, तंबाखूच्या कॅन्सरमुळे जीभ किंवा स्वरयंत्र काढावं लागलेले रुग्ण, मोटर न्यूरॉन आजाराचे (ज्यात स्नायू हळूहळू निकामी होतात) रुग्ण, या सगळ्यांना ती पडते. हाच आजार असलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज 1985 साली श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेत गेला. पुढची तीसहून अधिक वर्षं ते संगणकाच्या आवाजात बोलले. आधी हाताने बटण दाबून, आणि हातही थकल्यावर गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका केंद्रात मी दिवसभर बसले होते. अकरा वर्षांचा मुलगा, तुझ्या दादासारखाच. समोर इंटर्नशिपची मुलगी. दोघांच्या मध्ये अ‍ॅक्रिलिकची आरपार दिसणारी पाटी, मधोमध चौकोन कापलेला, कडेने चित्रं चिकटवलेली. मुलगा ज्या चित्राकडे बघेल ते तिला पलीकडून कळायचं. तिने एक प्रश्न विचारला आणि गप्प बसली. मी मनात आकडे मोजत होते, बारापर्यंत पोचले. शेजारी बसलेली आई दोनदा उत्तर द्यायला पुढे झाली, मुलीने हातानेच ‘थांबा’ म्हटलं. मग मुलाची नजर पाटीच्या कोपऱ्यातल्या एका घरावर, म्हणजे चौकटीवर, गेली. तिथे चित्र नव्हतं, नुसतं लिहिलेलं होतं: ‘वेगळंच सांगायचंय’. पुढची वीस मिनिटं हो-नाहीचे प्रश्न. खाण्याचं आहे? नाही. दुखतंय? नाही. माणसाबद्दल आहे? हो. या खोलीतलं? हो. शेवटी कळलं, की आईचा चष्मा नवा आहे हे त्याला सांगायचं होतं. आईने चष्मा काढून हातात घेतला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

भूक, तहान, संडास एवढ्यासाठीच माणूस बोलत नाही. त्याला टोमणा मारायचा असतो, तक्रार करायची असते, ‘का?’ विचारायचं असतं. ज्या तक्त्यावर ‘का’ नाही आणि ‘नको’ नाही, तो मला अपुरा वाटतो. या शाखेत उत्तम विद्यार्थी कोण, असं मला विचारलंस तर मी त्या बारा आकड्यांइतकं थांबू शकणाऱ्या मुलीकडे बोट दाखवेन. तू दादाबरोबर वाढलीस, हे थांबणं तुझ्या अंगात आधीच असणार.

आता शिक्षण. बीएएसएलपी चार वर्षांचं आहे, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यात कान, घसा आणि मेंदूची रचना, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, ध्वनिशास्त्र आणि श्रवणाचे आजार हे सगळं येतं. महाराष्ट्रात आरोग्य विद्यापीठाच्या कॉलेजांतला प्रवेश ‘नीट’मधून होतो, म्हणून परीक्षा दे. मुंबईत नायर रुग्णालयाचं टोपीवाला कॉलेज आहे, वांद्र्याला 1983 पासूनची केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, पुण्यात भारती विद्यापीठ आहे. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग 1965 ची. तिथे पदवीनंतर एएसीचाच वेगळा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, एवढं आधी तपास. परिषदेची नोंदणी नसेल तर काम करता येत नाही.

पण तुझ्या खास प्रश्नाचं उत्तर थोडं कडू आहे. पदवीत एएसी बऱ्याच ठिकाणी एखाद्या पेपरचा भाग म्हणून येतं, आणि वाचून ते येत नाही. म्हणून कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार: न बोलणाऱ्या किती जणांबरोबर तुम्ही स्वतः काम केलंत? एकाच माणसाबरोबर सलग काही महिने मिळाले का? खुर्चीत बसणं नीट नसेल तर नजर आणि हात स्थिर राहत नाहीत, मग बसणं आणि हातांचा वापर सुधारणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट शेजारी असतात का? घरच्यांना शिकवायला तुम्हाला पाठवतात का? उत्तरं गुळमुळीत आली, तर सुट्ट्यांमध्ये बाहेरच्या संस्थेत हे शिकायची तयारी ठेव.

आणखी एक काम तुझ्यासारख्या मराठी मुलीची वाट बघतंय. तक्ते आणि अ‍ॅप बहुतेक इंग्रजीच्या साच्यात घडलेली असतात. एकेक चित्र दाबून शब्द जोडले की इंग्रजी वाक्य कसंबसं उभं राहतं. मराठीत ‘मी’ आणि ‘भूक’ दाबून ‘मला भूक लागली’ होत नाही. मुलीने चित्र दाबावं आणि यंत्राने ‘मी जातो’ म्हणावं, हे तिला किती खुपत असेल! चित्रांत बर्गर असतो, पेज आणि कुळथाची पिठी नसते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप मराठीत आहे, ते जरूर बघ. पण दादाच्या घरची भाषा त्याच्या तक्त्यात यायला ती भाषा जगलेला थेरपिस्टच लागतो.

चित्रं दिली तर मूल बोलायचं सोडून देईल, अशी भीती तुला दर घरात भेटेल. संशोधनातून तसं दिसलेलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतंच.

तुझ्या आईंसाठी दोन ओळी. ताई, फिजिओथेरपी चांगलीच आहे, आणि तुमची काळजीही मला कळते: घरात एकाचं करताना आयुष्य गेलं, आता मुलीनेही तेच करायचं का? सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि स्वतःचा जम बसायला वर्षं जातात, हे लपवत नाही. मोठी रुग्णालयं, विशेष शाळा, आणि 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली जिल्हा केंद्रं इथे जागा असतात, जिल्ह्यातल्या बऱ्याच कंत्राटी. पण कोकणात पालकांना स्पीच थेरपिस्टसाठी किती लांब जावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत या पर्यायी मार्गांना जागा दिली आहे. ते मार्ग माणसांपर्यंत नेणारे हात अजून फार थोडे आहेत.

आणि मुली, तुला एक विनंती. शिकलीस तरी दादाची थेरपिस्ट होऊ नकोस, त्याला बहीण हवी आहे. ते काम दुसऱ्या कुणाकडे सोपव. सध्या नीटचा अभ्यास सांभाळून रोज पंधरा मिनिटं एवढंच कर: घरातल्या माणसांचे, वस्तूंचे फोटो काढ, कार्डावर चिकटव, ‘नको’, ‘का’, ‘अजून’, ‘वेगळंच सांगायचंय’ ही घरं पहिल्या दिवसापासून ठेव. तू बोलताना स्वतःही त्या कार्डांवर बोट ठेवत जा. त्याने आठवडाभर काही दाखवलं नाही तरी चालेल.

पत्रात तू दादाचा शाळेतला एक प्रसंग लिहिला आहेस. तो मी इथे छापलेला नाही, कारण तो त्याचा आहे. त्याला वाचून दाखव आणि विचार. त्याने डोळे वर केले, तर पुढच्या पत्रात तसं कळव.