शेळीचे डोळे पांढरे पडलेत, जबड्याखाली सूज आलीय, काय करावं?

इगतपुरी आणि पेठ भागातून सध्या एकच प्रश्न येतोय, पावसाळ्यात शेळ्या खंगत चालल्यात, जबड्याखाली पाणी उतरतं, लेंड्या मात्र व्यवस्थित आहेत, लाल टॉनिक पाजलं तरी फरक नाही.

दादा, यात पहिला संशय जंतांचा. लेंडी घट्ट आहे म्हणजे जंत नाहीत असं अजिबात धरू नका. हिमोंकस नावाचा जंत शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्तच पितो, त्यात हगवण लागतेच असं नाही. एका जंतामागे दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त जातं, म्हणजे हजार जंत असले तर रोजचं ५० मिली, आणि २५ किलोच्या शेळीत सगळं रक्तच दीड-पावणेदोन लिटर असतं, मग टॉनिक कुठं पुरणार? रक्तातली प्रथिनं कमी झाली की ते पाणी जबड्याखाली साचतं.

आजच एक काम करा, प्रत्येक शेळीची खालची पापणी उलटून उजेडात बघा. लालबुंद असेल तर काळजी नाही, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, आणि पांढरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पण त्या शेळीला लांब चरायला हाकलू नका, दमछाकीनंसुद्धा दगावते. पावसाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी हे बघायचंच.

औषधाआधी ताज्या लेंड्या पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, कारण भातखाचरात साचलेल्या पाण्यामुळं, गोगलगायींमुळं यकृतातला चपटा कृमीही होतो, त्यातही अशीच सूज येते आणि त्याचं औषध, डोस वेगळा. मेडिकलवरून बाटली आणून सगळ्या कळपाला अंदाजानं पाजायची सवय मात्र सोडा, कमी डोसात जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. वजन करूनच डोस घ्या, मेंढीचा डोस शेळीला बऱ्याचदा कमी पडतो. गाभण असेल तर आधी सांगा, सुरुवातीच्या महिन्यांत अल्बेंडाझोल देत नाहीत. दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्या.

चराईचं बघाल तर जंताची पिल्लं ओल्या गवताच्या बुडाशी असतात, म्हणून दव सुकल्याशिवाय शेळ्या सोडू नका, बांधावरचं अगदी खुरटं गवत खाऊ देऊ नका, त्यापेक्षा सुबाभूळ, शेवरी, बाभळीचा पाला उंच टांगून द्या. लोहाचं टॉनिक जंताचं औषध दिल्यानंतर चालू करा, सोबत शेंगदाणा पेंड थोडी थोडी वाढवत न्या, म्हणजे अंगात रक्त भरायला मदत होते. दोन आठवड्यांनी परत लेंडी तपासा, जंतांची अंडी तेवढीच दिसली तर डॉक्टरांना औषध बदलायला सांगा.